चिलापीच्या मेंदूत सापडलेला तो तुकडा

स्लाइड नंबर १५ वर पहिल्यांदा नजर गेली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि लॅबमध्ये मी आणि आमचे अटेंडंट काका दोघंच होतो. मायक्रोस्कोपखाली चिलापी माशाचा मेंदू होता, हायपोथॅलॅमसचा भाग, म्हणजे मेंदूचा तळ जिथून पिट्युटरी ही हार्मोन सोडणारी ग्रंथी खाली लोंबते तो. सगळीकडे नर्व्ह सेल्सचे बारके ठिपके आणि मधे थर्ड व्हेंट्रिकलची, म्हणजे मेंदूतल्या पोकळीची, उभी फट, आणि त्या फटीच्या डाव्या बाजूला पेशींचा एक घट्ट पुंजका, गोल केंद्रकं, गुलाबी भरलेल्या पेशी, एकमेकींना चिकटून बसलेल्या. मेंदूच्या पेशी अशा दिसतच नाहीत. अशा पेशी मी दोन महिने रोज बघत होते पण त्या खाली, पिट्युटरीच्या पुढच्या भागात. मी तीनदा स्लाइड काढून परत लावली. मग काकांना हाक मारली.

पण आधी थोडं मागे जाते, नाहीतर तो तुकडा का एवढा महत्त्वाचा वाटला ते कळणार नाही.

एमएस्सी झूलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रोजेक्ट असतो. कॉलेज ठाण्यातलं, घर कळव्याला. बाकीच्या मुलींनी फुलपाखरं, खाडीचं पाणी, फ्लेमिंगो असे विषय घेतले, मी माशाची पिट्युटरी मागून घेतली. कारण साधं होतं. वर्गात मॅडमनी शिकवलं होतं की रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात वाढतात, अंडी तयार होतात, पण घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून पूर्वी बहुतेक सगळं मत्स्यबीज नदीतून गोळा करायला लागायचं, आणि १९५७ साली १० जुलैला ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधरींनी माशाच्या पिट्युटरीचा अर्क कार्प म्हणजे याच कुळातल्या माशाला टोचून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. आजही १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो तो त्याचमुळे. मला हे ऐकून एवढंच वाटलं होतं की आई ज्या डोक्यांचा कालवणात एक कट काढून बाकीचं मांजराला टाकते त्या डोक्यात मोहरीएवढी एक गोष्ट बसलीये आणि तिच्यावर देशातले सगळे तलाव चालतात, ती मला एकदा हातात घेऊन बघायचीये.

तर सुरुवात झाली चेंदणी कोळीवाड्याजवळच्या मासेवाल्या मावशीपासून. ठाणे स्टेशनला पूर्वेला उतरायचं, मावशीकडे जायचं, आणि रोहूची डोकी मागायची. मावशी पहिल्या दिवशी म्हणाली, "कशाला गो तुला नुसती डोकी, म्हावरं नको?" मी सांगितलं की मेंदूखाली एक ग्रंथी असते ती काढायचीये, तर तिने लगेच एक डोकं उलटं करून कोयत्यावर फोडायला घेतलं, मला कळवळून थांबवायला लागलं. त्यानंतर मात्र ती माझ्यासाठी डोकी न फोडता वेगळी ठेवायची आणि पैसे घ्यायचीच नाही.

रोहूवर मला काकांनी हात बसवून दिला. काका आमच्या लॅबमधले अटेंडंट, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती, आणि माझ्या मते त्या डिपार्टमेंटमधला सगळ्यात चांगला हात त्यांचाच. कवटीचं वरचं हाड तिरकं कापायचं, आतली चरबी कापसाने टिपायची, मेंदू दिसला की पुढून नाकाकडे जाणारे दोन धागे कापायचे, मग डोळ्यांच्या जाड नसा, आणि मेंदू पुढून मागे हळूच उचलायचा. रोहूत मेंदू उचलला की पिट्युटरी मेंदूबरोबर येत नाही, देठ तुटतो आणि ती कवटीच्या तळाच्या खळग्यातच राहते, वर पातळ पडदा. तो पडदा सुईने बाजूला केला की पांढरट दाणा. पहिले चार मी चिरडले. पाचवा नीट निघाला तेव्हा काका म्हणाले, "हां, आता हाताला कळलं."

पण बर्फातल्या माशाची ग्रंथी सेक्शनला, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायच्या पातळ कापांना, उपयोगाची नसते, मासा मेल्यावर पेशी फार लवकर स्वतःच विरघळायला लागतात, मायक्रोस्कोपखाली सगळं धुरकट दिसतं. म्हणून खऱ्या कामासाठी जिवंत चिलापी. चिलापी म्हणजे तिलापिया, मोझांबिकवाली, आपल्याकडे १९५२ मध्ये आणली आणि आता ठाण्यातल्या तलावात, खाडीकाठच्या खाऱ्या तळ्यात, नाल्यात, सगळीकडे आहे. लोक नाक मुरडतात पण पिट्युटरीच्या अभ्यासाला हा मासा सोन्यासारखा आहे आणि याचं कारण त्याच्या ग्रंथीची रचना. बोनी फिशच्या, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या माशांच्या, पिट्युटरीत साधारण तीन पट्टे असतात, पुढचा, मधला आणि मागचा. चिलापीत पुढचा पट्टा, ज्याला आम्ही आरपीडी म्हणतो, म्हणजे रोस्ट्रल पार्स डिस्टॅलिस, तो जवळजवळ सगळा एकाच जातीच्या पेशींचा असतो, प्रोलॅक्टिनच्या. आपल्यात प्रोलॅक्टिन म्हटलं की दूध, पण माशात हेच हार्मोन गोड्या पाण्यात अंगातलं मीठ बाहेर जाऊ देत नाही. चिलापी गोड्यातून खाऱ्यात आणि खाऱ्यातून गोड्यात आरामात जाते ना, त्याच्यामागच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. तर तो आरपीडी ओळखायला इतका सोपा असतो की एकदा बघितलात तर विसरणार नाही, म्हणूनच स्लाइड १५ बघून माझं काळीज धडधडलं.

मावशीच्या ओळखीतला एक जण पाण्याच्या कॅनमध्ये मासे आणून द्यायचा. लवंगतेलाच्या पाण्यात मासा शांत झाला की पटकन काम. फिक्सेशन, म्हणजे पेशी आहेत तशा टिकवणं, बोइन नावाच्या द्रावणात. पिक्रिक ॲसिडचं सॅच्युरेटेड सोल्युशन ७५ भाग, फॉर्मलीन २५, ग्लेशियल ॲसेटिक ५. पिक्रिकची बाटली काका कोणालाच हात लावू द्यायचे नाहीत, ते कोरडं पडलं तर स्फोटक असतं म्हणून स्वतः रोज बघायचे वर पाणी आहे का. चोवीस तास बोइन, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये पिवळेपणा निघेपर्यंत धुवायचं, मग ९०, मग ॲब्सोल्यूट, मग झायलीन, मग ५८ ते ६० डिग्रीच्या ओव्हनमध्ये वितळलेलं पॅराफिन, म्हणजे मेण, ज्यात टिश्यू गोठवून ब्लॉक करायचा. लिहायला एक ओळ लागते. माझे त्यात दोन महिने गेले.

जुलै महिना होता आणि ठाण्याचा पाऊस ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, हवाच पाण्याची असते. ॲब्सोल्यूट अल्कोहोलची बाटली दोन-चारदा उघडली की ते ॲब्सोल्यूट राहतच नाही, हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि टिश्यूमध्ये पाणी राहिलं की झायलीनमध्ये टाकल्यावर झायलीन दुधासारखं पांढरं होतं. माझे सलग तीन मासे असे पांढरे झाले. परत अल्कोहोलमध्ये मागे न्यायचं, परत पुढे आणायचं. शेवटी काकांनी कॉपर सल्फेट तव्यावर पांढरं होईपर्यंत भाजलं आणि फिल्टर पेपरमध्ये गुंडाळून अल्कोहोलच्या बाटलीत ठेवलं, ते पाणी ओढून परत निळं होतं, निळं झालं की बदलायचं. त्यानंतर एकही बॅच पांढरी झाली नाही. आणि एका शुक्रवारी मेंटेनन्सला लाइट गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही, ओव्हनमधलं मेण माझ्या दोन मेंदूंसकट गोठलं. ते दोन वाचले, फक्त परत वितळवून नवीन मेण दिलं, पण तोपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता.

मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, सहा मायक्रॉनची जाडी ठेवली होती. मोठ्या चिलापीची ग्रंथी साधारण दोन मिलिमीटर, म्हणजे एका ग्रंथीचे तीनशेच्या वर सेक्शन होतात आणि प्रत्येक जपून ठेवायचा, क्रमाने. ब्लॉकवर बर्फाचा तुकडा फिरवायचा, चाक एकसारखं फिरवायचं, आणि सुरीवरून एकमेकांना चिकटलेल्या सेक्शनची रिबन खाली उतरते ती ब्रशने उचलायची. स्लाइडला अंड्याच्या पांढऱ्यात मिसळलेलं ग्लिसरीन बोटाने अगदी पुसट लावायचं, त्यावर पाणी, त्यावर रिबन, कोमट प्लेटवर ती सुरकुत्या सोडून पसरते. मला ही पायरी सगळ्यात आवडायची, खरं सांगते, रिबन पसरताना बघत राहावंसं वाटतं. एका स्लाइडवर दहा सेक्शन. स्लाइड १५ म्हणजे सेक्शन १४१ ते १५०.

तर आता परत त्या दुपारी.

काकांनी डोळा लावला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडमना दाखव, पण आज नाही. आज तू दुसऱ्या स्लाइडी बघ. हा पुंजका कुठे सुरू होतो, कुठे संपतो, ते लिहून काढ."

मला तर तेव्हाच मॅडमकडे धावायचं होतं. कारण डोक्यात काय आलं होतं ते सांगते. टिश्यू नेहमीच्या जागी नसून भलत्याच जागी सापडली तर तिला एक्टोपिक म्हणतात, आणि मेंदूच्या आत पिट्युटरीचा एक बेट असणं ही मला अशक्य गोष्ट वाटली नाही. माणसात पण घशाच्या वरच्या छताला पिट्युटरीचा छोटासा अंश राहिलेला असतो, जवळजवळ सगळ्यांमध्ये, कारण गर्भात ही ग्रंथी तोंडाच्या छतापासूनच वर चढते आणि वाटेत थोडं मागे ठेवून जाते. माशांत तर याच्याहून नवलाच्या गोष्टी आहेत. कायमेरा म्हणून शार्कचा एक खोल समुद्रातला नातलग आहे, त्याच्या पिट्युटरीचा एक अख्खा भाग कवटीच्या बाहेर, तोंडाच्या छतात बसतो. सीलाकँथ या प्राचीन वंशाच्या माशात पिट्युटरीपासून तोंडाकडे जाणारी एक लांब नळी मोठेपणीही राहते आणि त्या नळीच्या कडेकडेने आरपीडीच्या पेशींची बेटं असतात. आफ्रिकेतल्या पॉलिप्टेरस या माशात पण तो तोंडाकडचा मार्ग बुजत नाही. एवढं सगळं वाचलेलं असताना चिलापीच्या मेंदूत आरपीडीचा पुंजका दिसल्यावर मी काय समजणार?

रात्री कळव्याला जाताना लोकलमध्ये उभ्या उभ्या वहीत लिहिलं, "एक्टोपिक पिट्युटरी??" दोन प्रश्नचिन्हं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या स्लाइड्स क्रमाने बघितल्या. पुंजका सेक्शन १४० ला सुरू होत होता आणि १६३ ला संपत होता. चोवीस सेक्शन, सहाने गुणलं तर १४४ मायक्रॉन. हे मोजणं का महत्त्वाचं ते मला मॅडमनी समजावलं. हिस्टॉलॉजीत, म्हणजे टिश्यूच्या या अभ्यासात, फ्लोटर नावाचा प्रकार असतो, दुसऱ्याच कुठल्या ब्लॉकचा कण वॉटर बाथमध्ये किंवा ब्रशवर राहतो आणि आपल्या सेक्शनवर येऊन बसतो. पण तो एखाद्या सेक्शनवर असेल, फार तर दोनवर, आणि तो टिश्यूच्या वर बसलेला असतो म्हणून फोकस वेगळा लागतो, तुकडा स्पष्ट केला की खालचा मेंदू धूसर. माझा पुंजका चोवीस सेक्शनमध्ये एकाच जागी होता आणि फोकस एकच होता. म्हणजे तो ब्लॉकमध्येच होता. मला वाटलं जिंकलं.

मॅडम म्हणाल्या, "ब्लॉकमध्ये होता हे सिद्ध झालं. माशात होता का?"

या प्रश्नापुढे माझ्याकडे काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, "मॅलरी कर. कोलॅजन बघ, रक्तवाहिन्या बघ, कडा बघ. आणि हे तिन्ही बघून होईपर्यंत कोणाला सांगू नकोस, आणि तुझ्या वहीतला तो शब्दही वापरू नकोस, काय दिसतंय तेवढंच लिही."

मॅलरीचं ट्रिपल स्टेन म्हणजे ॲसिड फुक्सिन, ॲनिलीन ब्लू आणि ऑरेंज जी. फार सुंदर दिसतं. कनेक्टिव्ह टिश्यू, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारे कोलॅजनचे धागे, निळी होते, पिट्युटरीच्या काही पेशी नारिंगी-लालसर, काही निळ्या. आणि त्या निळ्या रंगाने सगळं सांगितलं. खालच्या खऱ्या ग्रंथीभोवती निळी किनार होती, पातळ पण सलग, आणि आत जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांभोवतीही निळं. माझ्या पुंजक्याभोवती निळं काहीच नाही. एकही रक्तवाहिनी आत जात नव्हती. जिवंत माशात १४४ मायक्रॉनचा ग्रंथीचा गोळा रक्ताशिवाय कसा राहील? हार्मोन सोडणार कुठे? मग कडा. व्हेंट्रिकलच्या भिंतीला पेशींचं एक नीटस अस्तर असतं, ते पुंजक्याच्या ठिकाणी फाटलेलं होतं. आणि पुंजक्यापासून खाली ग्रंथीपर्यंत, एका सरळ रेषेत, चिरडलेली केंद्रकं होती, काळी, लांबट ओढल्यासारखी. शेवटी मी ग्रंथी परत बघितली, आणि आरपीडीच्या वरच्या कडेला एक खाच होती, चावल्यासारखी. पुंजका त्या खाचेत बसला असता.

मेंदू बाहेर काढून उलटा केल्यावर ग्रंथीवरचा पडदा मी बारीक चिमट्याने सोलला होता. चिलापीत ग्रंथी मेंदूबरोबर वर आली होती म्हणून मला आनंद झाला होता आणि पडदा नीट निघाला तर सेक्शन स्वच्छ येतील असं वाटलं होतं. चिमट्याचं टोक आरपीडीचा कण घेऊन हायपोथॅलॅमसमध्ये शिरलं होतं. तेव्हा टिश्यू ताजी आणि मऊ होती, वरून काही दिसलं नाही.

मला रडू आलं नाही पण दोन दिवस लॅबला गेले नाही. काकांनी फोन केला, "ये गं, रिबन काढायची आहे, तुझ्या ब्लॉकचं मेण उन्हाने मऊ पडतंय." खरं तर बाहेर धो धो पाऊस होता.

मॅडमनी नंतर मला एक गोष्ट सांगितली ती मला या सगळ्यात सगळ्यात जास्त धरून ठेवणारी वाटली. १९२८ साली एर्न्स्ट शारर या जर्मन संशोधकाने मिनो या युरोपातल्या छोट्या माशाच्या हायपोथॅलॅमसमध्ये अशा नर्व्ह सेल्स दाखवल्या ज्यांच्यात ग्रंथीच्या पेशींसारखे थेंब भरलेले होते. मेंदूत ग्रंथी, नर्व्ह सेल हार्मोन बनवते, हे त्या काळी कोणाला पटेना. अनेकांनी सांगितलं की हे मेल्यानंतरचे बदल आहेत, फिक्सेशनचा दोष आहे, रोगट पेशी आहेत. म्हणजे माझ्या पुंजक्याला जे प्रश्न विचारले तेच त्याला विचारले गेले. तो आणि त्याची बायको बेर्टा शारर वर्षानुवर्षं एकामागून एक प्राण्यात तेच दाखवत राहिले, त्याने मणक्याच्या प्राण्यांत, तिने किडे वगैरेंत. १९४९ मध्ये बार्गमान यांनी गोमोरीचा स्टेन वापरून त्या थेंबांची वाट हायपोथॅलॅमसपासून थेट पिट्युटरीच्या मागच्या भागापर्यंत दाखवली तेव्हा वाद मिटत गेला. शाररच्या माशात ती गोष्ट खरंच होती, माझ्या माशात नव्हती, आणि एका स्लाइडवरून दोघांनाही ते ठरवता आलं नसतं.

मग आम्ही ठरवलं की मेंदू बाहेर काढायचाच नाही. अख्खं डोकं सेक्शन करायचं, म्हणजे काही हलायलाच वाव नाही. त्यासाठी चार-पाच सेंटिमीटरची पिल्लं घेतली, नऊ. बोइननंतर डोकी १० टक्के ईडीटीएमध्ये, हाडातलं कॅल्शियम निघेपर्यंत. ईडीटीए फार हळू काम करतं पण टिश्यू खराब करत नाही, दर तीन दिवसांनी बदलायचं, आणि तिसऱ्या आठवड्यात जबड्यात सुई लोण्यासारखी गेली. सुरीला एक जरी हाडाचा कण लागला असता तर सुरीची धार आणि रिबन दोन्ही गेली असती. हे सगळं नीट झालं ते काकांच्या धीरामुळे, मी पहिल्याच आठवड्यात घाई केली असती.

आणि मग जे दिसलं ते, कसं सांगू, मला तोपर्यंत माशाचं डोकं माहीतच नव्हतं असं वाटलं. उभ्या मधल्या सेक्शनमध्ये जीभ, टाळू, कवटीचा तळ, त्याच्यावर खळग्यात पिट्युटरी आणि तिच्यावर मेंदू, सगळं एका चित्रात. मेंदूच्या तळाचा नर्व्हचा भाग बोटांसारखा ग्रंथीत खाली शिरलेला, एक बोट इकडे, दोन तिकडे, विशेषतः मागच्या पट्ट्यात इतकं गुंतलेलं की कुठे मेंदू संपतो आणि कुठे ग्रंथी सुरू होते हे दाखवायला रेघ ओढता येत नाही. आपल्यात हायपोथॅलॅमसचे निरोप रक्तातून, दोघांना जोडणाऱ्या पोर्टल वाहिन्यांतून पिट्युटरीत जातात, बहुतेक बोनी फिशमध्ये ती पोर्टल व्यवस्था नाही, नसाच थेट ग्रंथीत घुसतात आणि पेशींच्या शेजारी जाऊन संपतात. म्हणजे मेंदूचा भाग ग्रंथीत आणि ग्रंथीचा भाग मेंदूला लागून हे माशात नेहमीचंच आहे. पुढच्या मेंदूचं पण तसंच. आपल्या मेंदूचे दोन अर्धगोल आत वळून पोकळी आतमध्ये ठेवतात, चिलापीसारख्या बोनी फिशमध्ये भिंती बाहेर उलगडतात, त्यामुळे पोकळी वर आणि बाजूला येते, एका पातळ पडद्याखाली. मी मेंदू काढताना तो पडदा दर वेळी चरबीबरोबर पुसून टाकत होते! अख्ख्या डोक्यात तो जागेवर दिसला तेव्हा कळलं.

नऊ डोक्यांत मेंदूच्या आत पिट्युटरीचा एकही भटका तुकडा नाही. एकही नाही.

पण एका पिल्लात दुसरंच काही होतं. थायरॉईड. माशात थायरॉईड आपल्यासारखी एक गाठोडी नसते, बहुतेक बोनी फिशमध्ये तिचे गोल गोल फॉलिकल, म्हणजे बारीक पिशव्या, घशाखाली, हृदयापासून गिल्सकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीभोवती सुटे विखुरलेले असतात, मटार सांडल्यासारखे. नऊही डोक्यांत ते तिथे होते. आठव्या नंबरच्या पिल्लात मात्र डोक्याच्या मागच्या टोकाला, हेड किडनीत, म्हणजे किडनीच्या अगदी पुढच्या भागात, चार फॉलिकल होते. आतमध्ये कोलॉइड, म्हणजे थायरॉईडचा घट्ट गुलाबी द्रव, भरलेलं, भिंत एका थराची, बाजूला रक्तवाहिनी, आजूबाजूला चिरडल्याची कुठलीही खूण नाही, आणि त्या जागी माझा चिमटा पोचलाच नव्हता. मी वहीत "फॉलिकल, ४, हेड किडनी, सेक्शन अमुक ते अमुक" एवढंच लिहिलं आणि मॅडमसमोर ठेवलं.

त्या हसल्या. त्यांनी सांगितलं की हे बऱ्याच माशांत दिसलेलं आहे, गोल्डफिश आणि प्लॅटीफिश यांच्या किडनीतली थायरॉईड तर चांगली अभ्यासलेली आहे, आणि काही माशांत हृदय, प्लीहा, डोळा, मेंदू इथपर्यंत फॉलिकल सापडलेत. थायरॉईडला बांधून ठेवणारं आवरणच नाही, त्यामुळे फॉलिकल रक्तवाहिन्यांच्या कडेने पसरतात असं मानतात. माणसाच्या किडनीत थायरॉईड सापडली तर डॉक्टर काळजीत पडतील, माशात सापडली तर आधी बघायचं की या जातीत, या वयात, हे किती जणांत असतं. मी नऊपैकी एक एवढंच सांगू शकत होते आणि रिपोर्टमध्ये तेवढंच लिहिलं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी स्लाइड १५ बघितली आणि विचारलं, "हे रिपोर्टमध्ये घातलं कशाला, ही तर चूक आहे." मी सांगितलं, सर, कडा, कोलॅजन, वाहिन्या आणि खाच या चार गोष्टी एकत्र दाखवायला माझ्याकडे याच्याएवढी चांगली स्लाइड दुसरी नाही. त्यांनी परत डोळा लावला आणि बराच वेळ लावून ठेवला. मार्क ठीक मिळाले. काका रिटायर झाले तेव्हा ती स्लाइड पेटीत पहिल्या खाचेत लावून गेले, लेबलवर त्यांच्या अक्षरात "चिमटा".

आता मी ऐरोलीला एका ज्युनियर कॉलेजमध्ये शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या लॅबमध्ये जाऊ देतात तिथे जाते. सध्या डोक्यात मुशी आहे, म्हणजे छोटा शार्क. आपण सगळ्यांनी बीएस्सीला ज्याचं डिसेक्शन ऐकलं-वाचलं तो स्कोलिओडॉन म्हणजे मार्केटमधली मुशीच. शार्कच्या पिट्युटरीला खाली एक व्हेंट्रल लोब असतो, तो कवटीच्या तळाच्या कूर्चेत घट्ट बसलेला असतो, आणि मेंदू उचलला की तो तुटून मागेच राहतो. ज्या भागात गोनॅडोट्रॉपिनच्या पेशी आहेत, म्हणजे पिल्लांचा सगळा कारभार ज्याच्यावर, नेमका तोच भाग. मेंदू उचलून बघितला तर असं वाटेल की या माशाला तो भागच नाही.

मावशीला गेल्या रविवारी विचारलं, पहाटे आलेली एकदम ताजी, हाताएवढी मुशी मिळेल का. ती म्हणाली, "अजून तुझा त्यो दाणा काढायचा झाला नाय का गो?" तिने एक बाजूला काढून दिली, डोकं न दाबता, ओल्या फडक्यात गुंडाळून. ते डोकं आत्ता बोइनमध्ये आहे, कवटीसकट, तोंडाला एक खाच दिलीये औषध आत शिरायला. मेंदूला हात लावलेला नाही.